तारीख दोन्ही बाजूंना बांधील हवी

(इन्सुली, तालुका सावंतवाडी येथे कार्यकर्त्यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीपुढे काजू बीचा दर, एस.टी.च्या फेऱ्या आणि विजेचा खेळखंडोबा असे विषय आहेत. ते सारे महत्त्वाचे आहेत. मला मात्र जो विषय मांडण्यास सांगण्यात आले आहे, तो ऐकून काही जणांच्या मनात येईल की, हा काय राजकीय कार्यकर्त्यांपुढे बोलण्याचा विषय आहे? विषय आहे कॉलेजच्या प्रवेशाची वाट पाहण्याचा. परीक्षा दिलेली असते, निकाल लागलेला असतो, अर्ज भरलेला असतो आणि यादी लागायची असते; त्या मधल्या दिवसांत मुलाचे आणि त्याच्या घराचे जे होते, त्याविषयी मी बोलणार आहे. ही घराघरातली खाजगी काळजी आहे, मानसोपचार करणाऱ्याने किंवा वर्गशिक्षकाने तिची समजूत घालावी, असे आपण मानत आलो. मला वाटते, येथेच आपली चूक झाली. ही काळजी सार्वजनिक कारभारातून निर्माण होते आणि तिची किंमत सर्वांना सारखी मोजावी लागत नाही. म्हणून तो आपला विषय आहे.

वाट पाहणे इन्सुलीला नवे नाही. मुंबई-गोवा रस्त्यावरच्या या गावाचे नाव बाहेरच्या माणसाला माहीत झाले ते तपासणी नाक्यामुळे. नाक्यावर खोळंबलेल्या मालमोटारी आपण लहानपणापासून पाहत आलो. पण त्या मोटारीच्या चालकाला निदान एवढे ठाऊक असते की, आपल्या पुढे किती गाड्या आहेत, आपल्याकडे कोणता कागद मागतील आणि तो नसेल तर काय होईल. आपल्या दहावी झालेल्या मुलाला मे-जून महिन्यांत यांपैकी किती गोष्टी ठाऊक असतात?

2025 सालचे उदाहरण घेऊ. त्या वर्षी परीक्षा मंडळाने दहावीची परीक्षा नेहमीपेक्षा आधी, 21 फेब्रुवारीला सुरू केली आणि निकाल 13 मे रोजी लावला. प्रवेश लवकर व्हावेत, कॉलेजे वेळेवर सुरू व्हावीत, हा त्यामागचा हेतू होता आणि तो चांगलाच होता. राज्यात 14 लाख 55 हजारांहून अधिक मुले उत्तीर्ण झाली आणि नेहमीप्रमाणे आपला कोकण विभाग सर्वांत पुढे राहिला. त्याच वर्षी अकरावीची केंद्रीय ऑनलाईन प्रवेशपद्धती प्रथमच साऱ्या महाराष्ट्राला लागू झाली. त्यापूर्वी ती 2009 सालापासून मुंबई महानगर क्षेत्रात आणि नंतर पुणे, नाशिक, नागपूर, अमरावती या शहरांत होती. आपल्याकडचा मुलगा तोवर गुणपत्रिका हातात घेऊन बांद्याला किंवा सावंतवाडीला जात असे, कार्यालयात अर्ज देत असे आणि बहुधा त्याच दिवशी काय ते कळून घरी येत असे.

नव्या पद्धतीत काय झाले? 21 मे रोजी नोंदणी सुरू व्हायची होती. पहिल्याच दिवशी संकेतस्थळ कोलमडले आणि नोंदणी 26 मेपासून नव्याने सुरू करावी लागली. पहिली यादी 10 जूनला लागणार, असे वेळापत्रक होते. ती पुढे ढकलली गेली आणि प्रत्यक्षात 28 जूनला लागली. म्हणजे निकालानंतर 46 दिवसांनी. पुढच्या फेऱ्या ऑगस्टपर्यंत चालू राहिल्या. निकाल लवकर लावून जे दिवस मिळवले, ते यादीच्या प्रतीक्षेत खर्ची पडले.

आता त्या यादीतले आकडे पाहा. पहिल्या फेरीसाठी सुमारे 10 लाख 66 हजार अर्ज होते. त्यांपैकी 6 लाख 32 हजार मुलांना जागा मिळाली आणि त्यांतील 4 लाख 57 हजार मुलांना पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले. म्हणजे 4 लाखांहून अधिक मुलांची नावे त्या दिवशी कोठेच नव्हती. आणि राज्यात एकूण जागा किती होत्या? सुमारे 21 लाख. उत्तीर्ण झालेल्या प्रत्येक मुलाला बसवूनही 6 लाखांवर बाके रिकामी राहतील, इतक्या जागा असताना 4 लाख मुले यादीबाहेर उभी राहिली. या विसंगतीचा आपण विचार केला पाहिजे.

तिचे उत्तर अवघड नाही. जागा कागदावर मोजल्या जातात आणि शिक्षण पायाखालच्या अंतरावर मोजले जाते. शंभर किलोमीटरवरच्या रिकाम्या जागेचा इन्सुलीच्या मुलीला उपयोग नाही. विज्ञानाची तुकडी आहे पण प्रयोगशाळा नाही, प्रयोगशाळा आहे पण शिकवणारा तासिका तत्त्वावरचा आणि तोही नोव्हेंबरात येणारा, अशी जागा आकड्यात जागाच असते. म्हणून सारी मुले शिकवले जाते असा लौकिक असलेल्या मोजक्या कॉलेजांसाठी रांग लावतात. यादीच्या काळजीचे मूळ यादीत नाही. चांगल्या, जवळच्या आणि परवडणाऱ्या जागा थोड्या आहेत, यात ते आहे.

मित्रहो, आकडे येथे ठेवून मी गावात येतो. मी शिक्षक होतो. निवृत्तीनंतर मुलांचे अर्ज भरून देण्याचे काम अंगावर आले. त्या जूनमध्ये माझ्या पडवीत रोज संध्याकाळी पाचसात जण येऊन बसत. त्यांत एका मुलीची आई असे. ती काजूच्या कारखान्यात कामाला जाते. सुट्टी घेतली तर त्या दिवसाची मजुरी बुडते, म्हणून ती काम सुटल्यावर पावसातून तशीच येई आणि दारातूनच विचारी, "गुरुजी, चेडवाचां नाव इलां काय?" मी म्हणे, "अजून यादी लागली नाही." ती विचारी, "मगे कधी लागतली?" आणि या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नसे. पस्तीस वर्षे शिकवलेल्या माणसाला, अर्ज वाचता येणाऱ्या माणसाला, उत्तर नसे. कारण कालचे वेळापत्रक आज राहत नव्हते.

मुलगी हुशार. तिला विज्ञान हवे होते. पहिली पसंती सावंतवाडीची, दुसरी बांद्याची. दोन्ही कॉलेजे एस.टी.च्या अंतरावर. तिला काही ना काही मिळणार, हे मला दिसत होते. पण घरातल्यांना ते दिसत नव्हते आणि मुंबईचे नातेवाईक फोनवर भिववत होते. अशा वेळी एका खाजगी शिकवणी संस्थेच्या माणसाने त्या घरचा फोन गाठला. कॉलेज आणि शिकवणी एकत्र, वसतिगृहासह; जागा थोड्याच उरल्या आहेत; आठ दिवसांत अनामत भरा, नाहीतर जागा जाईल. त्या माणसाने दिलेली तारीख पक्की होती. शासनाची तारीख डळमळीत होती. आईने बांगडी गहाण ठेवली आणि अनामत भरली. 28 जूनला यादी लागली. मुलीला सावंतवाडीची पहिलीच पसंती मिळाली. घरात आनंद झाला. अनामत मात्र परत मिळाली नाही. आता कोणी म्हणेल, आई अडाणी होती, तिने घाई केली. मी म्हणतो, घाई तिने केली नाही. एकीकडे निश्चित तारीख आणि दुसरीकडे अनिश्चित तारीख, अशा कात्रीत सापडलेला कोणताही माणूस जे करील तेच तिने केले. तिने पैसे मोजले ते शिक्षणासाठी नव्हेत, रात्री झोप लागावी यासाठी.

दुसरा एक मुलगा. त्याच्या अर्जावर वडिलांचा मोबाईल नंबर होता, कारण घरात तेवढाच एक फोन. वडील सीमेपलीकडे मोप विमानतळाच्या बाजूला कामाला. सकाळी मोटारसायकलने जातात, रात्री येतात. मुलाला पहिल्या पसंतीचे कॉलेज मिळाले होते. नियम असा होता की, पहिली पसंती मिळाली तर मुदतीत प्रवेश घेतलाच पाहिजे. नाही घेतला तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद. संदेश आला, तो वाचला गेला नाही, मुदत संपली. शेवटी सर्वांसाठी खुल्या असलेल्या फेरीची वाट पाहायला हवी, असे मी त्याला सांगितले. तो वाट पाहू लागला. वाट पाहता पाहता एका गोदामात रोजावर जाऊ लागला आणि फेरी आली तेव्हा म्हणाला, "गुरुजी, पुढल्या वर्षी बघूया." पुढल्या वर्षाची भाषा करणारी मुले किती परत येतात, हे येथे बसलेल्या प्रत्येक शिक्षकाला माहीत आहे. त्या मुलाने एक मुदत चुकवली. शासनाने त्याच उन्हाळ्यात किती चुकवल्या? मुलाची तारीख चुकली तर त्याची जागा जाते. शासनाची तारीख चुकली तर एक नवे परिपत्रक निघते.

आज मला जे मुख्यतः सांगायचे आहे ते हेच. प्रवेशाच्या व्यवहारात तारखा फक्त विद्यार्थ्याला बांधतात. व्यवस्थेला बांधत नाहीत. ज्याच्याजवळ पैसा आहे त्याला या असमान कराराची झळ लागत नाही, कारण तो निश्चिती विकत घेऊ शकतो. नियमित याद्यांच्या आधी जी शून्य फेरी होते, तीत संस्थांतर्गत, व्यवस्थापन आणि अल्पसंख्याक कोट्यांतले प्रवेश होतात. व्यवस्थापनाच्या वाट्याला 5 टक्के जागा असतात. संख्येने त्या थोड्या असतील. परंतु नामांकित कॉलेजातील त्या थोड्या जागांवर कोणाची मुले बसतात, हे सांगायला नको. त्यांचा जून सहलीत जातो. आपल्या मुलांचा जून पडवीत जातो.

आणि हे केवळ आपल्याकडेच आहे, असे समजू नका. अमेरिकेतल्या नामवंत विद्यापीठांत आगाऊ निर्णयाची एक पद्धत आहे. विद्यार्थ्याने साधारण 1 नोव्हेंबरपर्यंत एकाच विद्यापीठाकडे अर्ज करायचा, डिसेंबरच्या मध्याला उत्तर मिळते आणि प्रवेश मिळाला तर तेथेच जाण्यास तो बांधील असतो. तिकडची मुलेही त्या दीड महिन्यात अन्न गोड लागू नये अशा अवस्थेत असतात. पण दोन गोष्टी लक्षात घ्या. पहिली, उत्तर केव्हा येणार हे त्यांना अर्ज करतानाच माहीत असते. दुसरी, या पद्धतीवर तिकडेच वर्षानुवर्षे टीका होत आली आहे की, तिचा लाभ श्रीमंतांना होतो. कारण ज्याला शिष्यवृत्ती कोठे किती मिळते याची तुलना करून मगच निर्णय घ्यावा लागतो, तो गरीब मुलगा आधीच बांधून घेऊ शकत नाही. बाजाराच्या समाजात लवकर मिळणारी निश्चिती ही एक विक्रीची वस्तू होते. तिकडे तिला एक नाव आहे, आपल्याकडे दुसरे.

वैद्यकीय प्रवेशाची कथा याहून कठोर आहे. 2024 साली नीट परीक्षा 5 मे रोजी झाली. 4 जूनला निकाल लागला. पूर्ण गुण मिळवणारे 67 विद्यार्थी निघाले, पेपरफुटीचे आरोप झाले, प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले, 23 जुलैला न्यायालयाने सरसकट फेरपरीक्षा नाकारली आणि प्रवेशफेऱ्यांची नोंदणी 14 ऑगस्टला सुरू झाली. म्हणजे निकालानंतर 71 दिवस 23 लाख परीक्षार्थी ताटकळत राहिले. आपल्या जिल्ह्यात 2021-22 या शैक्षणिक वर्षापासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आले, ही मोठी गोष्ट झाली. आपण आजारी माणसाला घेऊन बांबोळीला धावतो. पण तेथल्या राज्य कोट्याच्या जागांना गोव्याच्या रहिवासाची अट आहे, त्या आपल्या मुलांसाठी नाहीत. तेव्हा आपल्या जिल्ह्यातली प्रत्येक शासकीय जागा मोलाची आहे. ज्या मुलांना खाजगी कॉलेजचे लाखांचे शुल्क परवडते, ती त्या 71 दिवसांत दुसरा मार्ग धरू शकत होती. उरलेल्यांना शासकीय जागा हाच एकमेव मार्ग होता आणि म्हणून सारी प्रतीक्षा त्यांच्याच वाट्याला आली.

मागासवर्गीय मुलाची तर दुहेरी प्रतीक्षा असते. व्यावसायिक अभ्यासक्रमाला जायचे तर जात वैधता प्रमाणपत्र हवे. समितीकडे अर्ज केल्याची पावती दाखवून तात्पुरता प्रवेश मिळतो, आणि प्रमाणपत्र मुदतीत आले नाही तर तो धोक्यात येतो, असा अनुभव वर्षानुवर्षे आला आहे. म्हणजे समितीच्या विलंबाचा दंड मुलाने भरायचा. ज्या घरातला पहिलाच मुलगा शिकत आहे, त्या घरात आजोबांचा शाळेचा दाखला कोठून आणायचा? महात्मा फुल्यांनी 1882 साली हंटर आयोगापुढे सांगितले होते की, रयतेच्या घामाच्या पैशातून उभी राहिलेली शिक्षणव्यवस्था वरच्या वर्गांच्याच कामी येते. आज दार बंद नाही, हे मान्य. पण दारासमोर उभे राहण्याची ऐपत ज्याच्यात अधिक, तोच आत जातो, अशी नवी चाळणी लागली आहे.

येथे एक सावधगिरीचा शब्द सांगतो, कारण आपल्यातलेच काही मित्र रागाच्या भरात म्हणतात की, ही ऑनलाईन भानगडच नको, पूर्वीचे बरे होते. पूर्वीचे सारेच बरे नव्हते. मुंबई-पुण्यात कॉलेजच्या कार्यालयात चिठ्ठी, ओळख आणि देणगी यांचे राज्य होते. गुणानुक्रमे लागणारी, कोणालाही पाहता येणारी यादी ही सामान्य माणसाने मिळवलेली गोष्ट आहे. ती आपल्या हाताने मोडू नका. शहरांतल्या टंचाईवर काढलेले औषध टंचाई नसलेल्या खेड्याला त्याच मात्रेत पाजले, ही चूक आहे. ज्या तालुक्यात अर्जांपेक्षा जागा अधिक आहेत, तेथे मुलाला दीड महिना ताटकळत ठेवण्याचे कारण काय? त्याने जवळच्या कॉलेजात जाऊन कागद द्यावा, कॉलेजने त्याच दिवशी नोंद करावी आणि ती नोंद यादीत सर्वांना दिसावी. पारदर्शकता राहील आणि प्रतीक्षाही टळेल.

मग आपण मागायचे काय? पहिली मागणी अशी की, प्रवेशाचे उत्तर ही शासनाने ठरलेल्या दिवशी द्यावयाची सेवा मानली जावी. यात अशक्य काही नाही. 2015 साली महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम झाला. अधिसूचित केलेली सेवा ठरावीक मुदतीत मिळणे हा त्यात नागरिकाचा हक्क मानला गेला. मुदत चुकली तर अपील आहे आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंडाची तरतूद आहे. दाखल्याला जर मुदत असू शकते, तर ज्यासाठी तो दाखला काढला त्या प्रवेशाला का नसावी? दुसरी मागणी, व्यवस्थेची तारीख जितके दिवस पुढे जाईल, तितके दिवस विद्यार्थ्याची प्रत्येक मुदत आपोआप वाढावी. तिसरी, संदेश न पोचल्यामुळे प्रवेश चुकलेल्या मुलाला पुढच्या फेरीतून बाद करू नये. चौथी, कोट्यातून भरलेल्या जागाही गुणांसह त्याच यादीत प्रसिद्ध व्हाव्यात. पाचवी, खाजगी शिकवण्यांनी घेतलेली अनामत परत करण्याचा कायदा व्हावा. केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी 2024 मध्ये शिकवणी वर्गांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या, त्यांत शुल्कपरताव्याची बाब आहे. पण सूचनेने बांगडी परत येत नाही.

या मागण्या मान्य होईतो आपण काय करायचे, हा प्रश्न उरतो. निकालाच्या दुसऱ्या दिवसापासून प्रत्येक ग्रामपंचायतीच्या जागेत एक टेबल आणि दोन माणसे बसवा. गावातल्या दहावी-बारावीच्या प्रत्येक मुलाचे नाव, अर्जाचा क्रमांक, पसंतीक्रम आणि शेजारच्या एखाद्या विश्वासू माणसाचा दुसरा फोन नंबर वहीत लिहा. यादी लागेल त्या दिवशी ज्याचे नाव आहे त्याच्या घरी जाऊन सांगा. ज्याचे नाही त्याच्या घरी आधी जा. वैधता प्रमाणपत्राचे अर्ज अकरावीतच भरून घ्या. मुलींना एस.टी.चा मोफत पास आहे. सकाळच्या तासाला पोचवणारी गाडी आहे का, ते आगाराकडे जाऊन विचारा. आणि कोणी अनामत मागत असेल तर पैसे देण्यापूर्वी आपल्याकडे या, एवढे प्रत्येक आईला सांगून ठेवा. हे काम सभेसारखे गाजणारे नाही. पण मधू दंडवते 1977 साली रेल्वेमंत्री झाले, तेव्हा दुसऱ्या वर्गाच्या लाकडी फळ्यांवर गाद्या आल्या, हे कोकणातला माणूस आजही सांगतो. सामान्य माणसाच्या अंगाला काय टोचते, हे ओळखणे हेही राजकारणच आहे.

मुलांना माझे एक सांगणे आहे. यादीत नाव नसणे म्हणजे तुम्ही नालायक असणे नव्हे. 21 लाख जागांच्या राज्यात तुम्हाला जवळची एक चांगली जागा देता आली नाही, तर नापास कोण झाले, याचा विचार करा. रात्र रात्र फोन पाहत बसू नका. टेबलापाशी या; तेथे तुमच्यासारखेच आणखी बसलेले असतील.

ती काजू कारखान्यातली बाई आता मला रस्त्यात भेटते. मुलगी शिकते आहे. बांगडी अजून सुटलेली नाही. पुढच्या दोन वर्षांत तिचा धाकटा मुलगा दहावीला बसेल आणि ती पुन्हा माझ्या दारात येऊन विचारील, यादी कधी लागतली? त्या दिवशी तिला एक तारीख सांगता यावी आणि त्या तारखेला यादी लागलेली असावी. एवढ्यासाठी आपल्याला झगडायचे आहे.